मास्तर टेरलिंकचं तारण

गौडा, ६ ऑक्टोबर १६७९

आज पाळक रुइटिंकनी घरी बोलावून घेतलं आणि स्वतःच्या हातानं बिअर ओतून दिली. तेव्हाच ओळखलं, काम सोपं नाही. साध्या आजाऱ्याकडे धाडायचं असलं की ते दारातच नाव-पत्ता सांगून मोकळे होतात.

काम असं आहे. लांबर्ट टेरलिंक गावात परत आलाय, म्हणजे मरायलाच आलाय. पायांत पाणी भरलंय आणि ते आता वर चढतंय. चिलमीवाल्यांच्या गल्लीत त्याची थोरली बहीण वेंडेला राहते, विधवा आहे, तिच्या घरी तो खुर्चीत बसून असतो. लायडनला पोरांना जमीन मोजायची विद्या शिकवायचा, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. पण बोलबाला झाला तो त्याच्या पुस्तकाचा. त्यावर लेखकाचं नाव नाही, तरी कुणी लिहिलं ते कालव्यावरच्या नावाड्यांनाही ठाऊक आहे. पुस्तक बाहेर पडलं आणि लायडनची नोकरी गेली. मी ते वाचलेलं नाही, लॅटिनशी माझी ओळख नाही. ज्यांची आहे ते सांगतात की त्यात देवाला सिंहासनावरून खाली उतरवलंय.

पाळक म्हणाले, "हार्मेन, आजाऱ्याला धीर देणं हे तुझं काम. वादात पडू नकोस, तो तुला चावून खाईल. वाचून दाखव, बस, आणि वेळ बघून आपले तीन प्रश्न विचार."

हे तीन प्रश्न मी इतक्या मरणाऱ्यांना विचारलेत की झोपेतही म्हणेन. देवावर प्रेम आहे का? पापांचं दुःख झालं का? तारणाची खात्री आहे का? सगळे हो म्हणतात. फक्त तिसऱ्याला आवाज बारीक होतो.

"आणि तो नाही म्हणाला तर?"

"तर अंत्यविधीला चर्चची घंटा वाजणार नाही. चर्चमधली कबर वेंडेलाच्या मालकीची आहे, आईशेजारी जागा आहे, ती आपण अडवू शकत नाही. पण गल्लीतल्यांनी आत्ताच सांगून ठेवलंय, नास्तिकाला खांदा देणार नाही म्हणून. मग ती बिचारी काय त्याला ढकलगाडीत घालून आणणार?"

घरी येऊन नेलला सांगितलं. बायको माझी हसून हसून खुर्चीत बसली. "तुला बाजारातली हेरिंग मासळीवाली बोलण्यात गुंडाळते, आणि तुला त्या तत्त्वज्ञाकडे पाठवतात! गावात माणसं संपली का?"

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं.

७ ऑक्टोबर

गेलो. वेंडेलाबाईंनी दार उघडलं. आधी माझे लाकडी जोडे बाहेर काढायला लावले, मग माझ्याकडे नीट पाहिलं. उंच, हाडकुळ्या, जिभेनं तिखट. "हार्मेनभाऊ, पाय पुसा. आणि त्याला नरकाबिरकाचं ऐकवू नका, त्याला हसू येतं आणि हसला की दम लागतो."

मास्तर खिडकीशी बसला होता. पाय चौरंगावर, घोंगडीत गुंडाळलेले. आडवं झालं की गुदमरतो, म्हणून झोपतोही बसूनच. मी कल्पना केली होती काळपट, बारीक डोळ्यांच्या कुणाची. हा तर गोल चेहऱ्याचा, टकला, आनंदी माणूस निघाला. मला म्हणाला, "या, या. पाळकांनी पाठवलंय ना? बसा. तुमचा आवाज चांगला आहे असं ताई सांगत होती. वाचा काहीतरी."

मी एक स्तोत्र वाचलं. डोळे मिटून ऐकलं त्यानं. शेवटी म्हणाला, "पुन्हा वाचा, मधला भाग." मी पुन्हा वाचलं. इतकी वर्षं मी हे काम करतोय, पण पुन्हा वाचा असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. येताना मी मुद्दाम लांबच्या पुलावरून आलो.

१२ ऑक्टोबर

आज मोठी गोष्ट झाली. लिहिताना हात आवरत नाही.

मी हळूच विषय काढला. म्हटलं, "मास्तर, जे घडतं ते देवानं ठरवल्याप्रमाणेच घडतं, हे तुम्ही मानता का?"

"त्याहून वेगळं काही घडूच शकत नाही. तुमच्या टोपीवर तो पिठाचा डाग आहे ना, तोही दुसरीकडे पडू शकला नसता."

"आणि माणसाची मर्जी?"

"पवनचक्कीला बोलता आलं असतं तर तीही म्हणाली असती, आज माझ्या मनात आलं म्हणून मी फिरले."

मी उडालोच. "मग रडून-भेकून, विनवण्या करून देवाचं मन फिरत नाही?"

"नाही हो. त्यात फिरण्यासारखं काही नाहीच."

आता बोला! हीच तर आपली शुद्ध शिकवण. देवानं सगळं आधीच ठरवलंय, कुणाला तारायचं तेही, आणि माणसाच्या मर्जीला त्यात काडीची जागा नाही. पाळक रुइटिंक हेच दर रविवारी घसा फोडून सांगतात. या गावात निम्मे लोक त्या दुसऱ्या पंथाचे, मी त्यांना मर्जीवाले म्हणतो, त्यांना वाटतं माणूस आपल्या मर्जीनं देवाला हो किंवा नाही म्हणू शकतो. त्यांना या मास्तरासमोर आणून बसवायला पाहिजे. याला नास्तिक म्हणालं तरी कोण?

पाळकांना सांगितलं. ते भुवया उंचावून म्हणाले, "असं म्हणाला?" आणि मग जरा वेळानं, "हं."

२० ऑक्टोबर

रोज जातो. तो ताकातली पेज दोन चमचे खातो, उरलेली मी. वेंडेलाबाई दाराशी माझी बाही धरून विचारतात, "बोलला का तो? विचारलंत का?" मी म्हणतो, घाई नको. त्या म्हणतात, "त्याला घाई आहे, हार्मेनभाऊ." आणि स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटतात.

२७ ऑक्टोबर

आज मास्तरांकडे जाता आलं नाही. चर्चच्या मंडळीचे पंच फान डाम, लोण्याचे मोठे व्यापारी, त्यांच्या आई गेल्या. दुपारभर तिथेच होतो. आयुष्यात चर्चचा एकही रविवार न चुकवलेली बाई. माझं मनगट धरून सारखं विचारत होती, "मी निवडलेल्यांतली आहे ना रे? तुला काय वाटतं? माझं नाव असेल ना?" आता हे मला कुठून ठाऊक असणार? ते देवानं जगाच्या आधी ठरवलंय आणि कुणाला कळवलेलं नाही. मी वाचत राहिलो. शेवटपर्यंत ती हेच विचारत होती, आणि डोळे उघडेच राहिले.

घरी आल्यावर जेवण गेलं नाही. नेलनं कपाळाला हात लावून पाहिला.

२ नोव्हेंबर

विचारले! तिन्ही विचारले.

"मास्तर, देवावर तुमचं प्रेम आहे का?"

"त्याहून मोठं प्रेम मला ठाऊक नाही."

"पापांचं दुःख झालं का?"

"माझ्या हातून ज्यांना त्रास झाला त्यांचं झालं. आता त्या चुका कशा झाल्या ते समजतं."

मी शेवटचा विचारला. "आणि तारणाची खात्री?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. खिडकीतून उजेड त्याच्या टकलावर पडला होता. अगदी सहज म्हणाला, "ते झालंय, हार्मेन. केव्हाच."

झालंय! आशा आहे नाही, देवाची कृपा असली तर होईल नाही, झालंय! एवढी खात्री पंचांना नाही, पाळकांना नाही, मला तर नाहीच नाही. ज्याला देवानं स्वतः आतून सांगितलं असेल तोच असं बोलू शकतो. मी रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस रुमाल शोधत होतो. मास्तरनं तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होता, मग गप्प बसला आणि माझ्या खांद्यावर थोपटलं.

तिथून थेट पाळकांकडे. वाटेत माझ्या दुखऱ्या गुडघ्याची कुरकुरही जाणवली नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

पाळकांनी चर्चमध्ये नाव न घेता सांगितलं, की एक हरवलेलं मेंढरू सापडलंय. सगळ्यांच्या माना वेंडेलाबाईंकडे वळल्या. त्यांनी मान खाली घातली होती.

दुपारी गल्लीत सणच होता. वेंडेलाबाईंनी तेलातले गोड वडे तळले, मनुका घालून, आणि घरोघर वाटले. शेजारचा योरिस, मातीच्या चिलमी करतो, तो तोंडात वडा ठेवून मला म्हणाला, "मग काय, त्याला खांदा देऊ आम्ही. माणूस तसा वाईट नव्हता. पण जरा लवकर उरकायला सांगा, भट्टी लावली की मला हलता येत नाही." वेंडेलाबाईंनी त्याला झाऱ्यानं हाकललं, पण हसत होत्या.

फान डाम मला बाजूला घेऊन म्हणाले, हे छापलं पाहिजे. "गौड्याच्या नास्तिकाचा पश्चात्ताप. खाली तुझी सही. आम्सटरडॅममध्ये त्याचे चेले आहेत, त्यांना वाचू दे." माझं नाव छापून येणार! नेल म्हणाली, "म्हणजे आता घरात तुझ्याशी बोलायला लॅटिन लागेल."

८ नोव्हेंबर

कुठून सुरुवात करू?

मास्तरनं सकाळीच बोलावणं धाडलं. वेंडेलाबाई बाजारात गेल्या होत्या. त्यानं दार लावून घ्यायला सांगितलं.

"हार्मेन, ताईनं काल माझे हात धरून चुंबले. चाळीस वर्षांत तिनं असं केलं नव्हतं. तुम्ही बाहेर काय सांगितलंत?"

मी अभिमानानं सगळं सांगितलं, छापायचंही सांगितलं. त्याचा चेहरा उतरला.

"तुम्ही माझा शब्द घेऊन गेलात आणि तुमच्या घरचे कपडे चढवलेत त्याला."

"म्हणजे?"

मग त्यानं जे सांगितलं ते मला जमेल तसं लिहितो. तो अठरा वर्षांचा असताना त्यांच्या गावचा बांध फुटला आणि वडील वाहून गेले. तेव्हाच्या पाळकांनी सांगितलं, पापांची शिक्षा झाली. "आई वर्षभर बाबांचं पाप शोधत होती, हार्मेन. रात्रंदिवस. कधी खोटं बोलले, कधी कुणाला फसवलं, सगळं उकरून काढायची. तिला सापडेना, मग ती स्वतःचं शोधायला लागली." तो मोजणीची साखळी घेऊन बांधावर गेला. उतार चुकीचा होता, माती हलकी, आणि त्या रात्री वारा वायव्येचा. एवढं सगळं जुळलं की बांध फुटणारच. कुणी रागावलं नव्हतं. कुणी कुणाला निवडलं नव्हतं, ना बुडवायला, ना वाचवायला. "तिथं चिखलात बसून मी हिशेब पुरा केला, आणि इतका आनंद झाला की मला माझीच लाज वाटली. बाप मेलेला, आणि मला आनंद. पण भीती गेली होती. ती परत आली नाही. त्यालाच मी तारण म्हणतो."

"आणि देव?"

"जे आहे ते सगळं, आणि ते ज्या नियमानं आहे तो नियम. वारा, माती, तुमचा गुडघा, माझ्या पायातलं पाणी. त्यावर माझं प्रेम आहे, तुम्हाला खोटं सांगितलं नाही. पण ते माझ्यावर उलट प्रेम करेल अशी माझी अपेक्षा नाही."

"आणि मेल्यावर?"

"मेल्यावर ताई मला भेटेल असं मी म्हणू शकत नाही."

मी ओरडलो. आजाऱ्यावर कधी ओरडलो नव्हतो. "मास्तर, तुम्ही मला फसवलंत! दुसरा शब्द नव्हता का तुमच्याकडे?"

"शोधला. लॅटिनमध्येही शोधला. त्या दिवशी बांधावर जे झालं त्याला आईनं शिकवलेला तोच एक शब्द लागतो." मग तो थांबला, दम घेतला. "पण फसवलं म्हणता ते खरं आहे. तुमचे डोळे भरून आले तेव्हाच मला कळलं की तुम्ही दुसरंच ऐकलंत. आणि मी गप्प बसलो. तुम्ही इतके खूश होतात. माणसाच्या मोहांवर मी अख्खा ग्रंथ लिहिलाय, आणि एका वाचकाच्या रुमालापुढे हरलो. ते सुधारा. पंचांना खरं सांगा."

"तुम्हीच सांगा ना, आधी बहिणीला."

त्यानं मान फिरवली. "ताईला मी घाबरतो," म्हणाला.

९ नोव्हेंबर

नेलला सांगितलं. ती मोजे विणत होती. म्हणाली, "तो हो म्हणाला की नाही?"

"म्हणाला."

"मग झालं. तुला विचारायला सांगितलं होतं, तू विचारलंस. त्याच्या हो-च्या आत काय आहे ते फोडून बघायला तू अक्रोडवाला आहेस का?"

बरोबर आहे तिचं. मी गप्प बसलो तर घंटा वाजेल, गल्ली खांदा देईल, माझं नाव छापून येईल. कुणाचं काय बिघडतं?

राग मात्र जात नाही. देव ऐकतच नसेल तर इतकी वर्षं मी कुणासाठी वाचत होतो? हे त्याला विचारायला हवं होतं. आणखी एक विचित्र गोष्ट. त्या खोलीत मला मरणाची भीती वाटत नाही. फान डामांच्या माडीवर, त्यांच्या आईपाशी वाटली, याच्या खोलीत नाही. देवाची कृपा त्या खोलीत नसूनही असं का व्हावं, मला काही उलगडत नाही. बहुधा तिथे शेगडी चांगली पेटते म्हणून असेल.

१४ नोव्हेंबर

वेंडेलाबाईंनी मला स्वयंपाकघरात बसवलं. दार लोटून घेतलं.

"तो तुम्हाला म्हणाला ना, की खरं सांगा?"

त्यांनी दिलेला पाव माझ्या हातातच राहिला.

"अहो, मी त्याला कडेवर घेऊन फिरलेय. त्याचं हो कसं असतं ते मला कळत नाही का? तुम्ही पळत गेलात त्याच दिवशी कळलं मला."

"मग ते वडे?"

"वडे गल्लीसाठी होते," त्या म्हणाल्या. "हार्मेनभाऊ, तो काय मानतो ते त्याचं आणि देवाचं. पण त्याला आईजवळ न्यायचंय, चार माणसांच्या खांद्यावरून, घंटा वाजवत. बाबा तर सापडलेच नाहीत. आम्ही दोघं नुसती पाण्याकडे बघत बसलो होतो. याला तरी नीट पोचवू दे मला. तुम्ही नुसते गप्प बसा. तुम्हाला खोटं बोलायला कुठं सांगतेय?"

त्यांनी माझ्या पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं. मी म्हटलं, "मास्तरांना ठाऊक आहे का, की तुम्हाला ठाऊक आहे?"

"वेडे आहात का? तो किती खूश आहे, ताईला सुख दिलं म्हणून. मोडू मी ते?"

आत तो तिला घाबरतो, बाहेर ही त्याला जपते. आणि दोघांच्या मध्ये मी, हातात पाव घेऊन. मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. माझ्यासारखा भित्रा माणूस या गावात दुसरा नसेल.

१९ नोव्हेंबर

तो विचारत नाही. मी सांगत नाही. वाचतो.

२३ नोव्हेंबर

मास्तर गेले.

दुपारी मी वाचत होतो. त्यांचे ओठ निळे पडले होते. मी म्हटलं थांबू का. म्हणाले, "नाही, जरा हळू वाचा. मला सगळं ऐकू येऊ द्या." मी विचारूनच टाकलं, "मास्तर, हे कुणी ऐकत नसेल तर मी कशाला वाचतो?" ते म्हणाले, "मी ऐकतोय ना." मग चौरंग थोडा डावीकडे सरकवायला सांगितलं. मी सरकवला. वेंडेलाबाईंनी त्यांची मान आपल्या हातावर घेतली. मास्तरांनी बहिणीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुढचा श्वास आला नाही. ना ओरडणं, ना कुणाचं मनगट धरणं. मी कितीतरी मरणं पाहिलीत, त्यांत धार्मिकांची जास्त. असं एकही नव्हतं.

वेंडेलाबाई म्हणाल्या, "आता तुमच्या हातात आहे, हार्मेनभाऊ."

२४ नोव्हेंबर

चर्चच्या मागच्या खोलीत पंचांची सभा भरली. फान डामांनी मजकूर आधीच लिहून आणला होता. मोठ्यांदा वाचला. त्यात मास्तर छाती पिटून रडतो, आपलं पुस्तक जाळा म्हणतो, आणि प्रभूचं नाव घेत प्राण सोडतो.

"हे असं झालं नाही," मी म्हणालो.

"थोडं सजवावं लागतं. मुद्दा खरा आहे ना? तिन्ही प्रश्नांना हो म्हणाला ना?"

"म्हणाले."

"मग कर सही."

लेखणी माझ्या हातात होती. मला वेंडेलाबाईंचा चेहरा दिसत होता आणि मी सही करणार होतो. देवाशपथ सांगतो, करणारच होतो. पण त्या कागदावरचा रडणारा माणूस कोण होता? मी ज्याला ओळखत होतो तो मेला, आणि त्याच्या जागी हे लोक दुसऱ्याच कुणाला पुरणार होते. बांधावर ज्याची भीती गेली तो माणूस मग कुठेच उरला नसता.

मी म्हणालो, "प्रश्न माझे होते, पण हो त्यांचं होतं. त्यांचा देव आपला देव नव्हे आणि त्यांचं तारण आपलं तारण नव्हे. मला ते नंतर समजलं. त्यांनी स्वतः बोलावून समजावलं, आणि तुम्हाला सांगा म्हणाले. चूक माझी झाली, त्यांची नाही."

फान डाम लालबुंद झाले. "म्हणजे नास्तिकच मेला!"

"न घाबरता मेले, एवढं मला सांगता येईल."

"तू त्याच्या नादी लागलायस."

"लागलो असेन," मी म्हटलं. कुठून बोललो देव जाणे.

ठरलं ते असं. घंटा नाही. मजकूर छापायचा नाही. माझ्या जागी नवीन वर्षापासून दुसरा माणूस बघायचा. सगळे गेल्यावर पाळक रुइटिंक दाराशी मला गाठून हळूच म्हणाले, "हार्मेन, खरंच भीती वाटत नव्हती त्याला?"

"नाही."

"अगदी शेवटीही?"

"अगदी शेवटीही नाही."

ते टोपी हातात धरून बराच वेळ तिथेच उभे राहिले. पाऊस थांबायची वाट बघत असावेत.

२५ नोव्हेंबर

वेंडेलाबाईंकडे गेलो. त्यांनी दार अर्धं उघडलं, मला पाहिलं आणि लावून घेतलं. आपटलंही नाही, नुसतं लावलं. योरिसनं त्याच्या दुकानातून सांगितलं की आता जमणार नाही, भट्टी लावलीय. धूर दिसत नव्हता.

नेल काही टोमणा मारेल असं वाटलं होतं. तिनं माझ्या पुढ्यात सूप ठेवलं आणि म्हणाली, "जागा गेली तर गेली. माझा भाऊ पिंपं करतो, तिथं बसशील झाडत." नंतर बराच वेळ ती माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती.

२७ नोव्हेंबर

आज पुरलं.

मी गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, पुढे जायची हिंमत नव्हती. लायडनहून त्यांचे दोन जुने शिष्य आले होते, बांध मोजणारे, जोड्यांना चिखल. एक कापडवाला होता. आणि चक्क दोन मर्जीवाले, आपल्या मर्जीनं आलेले. योरिस दारात चिलीम ओढत उभा होता. पुढे आला नाही. पण पेटी बाहेर आली तेव्हा त्यानं चिलीम खाली ठेवून टोपी काढली.

पेटी उचलायला गेले ती एका बाजूला कलली. पाणी भरलेला देह, जड. वेंडेलाबाई काळ्या झग्यात दारात उभ्या होत्या. बायका अशा वेळी घरातच थांबतात, पण त्या थांबल्या नव्हत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग थेट माझ्याकडे.

"हार्मेनभाऊ, डावीकडे माणूस कमी आहे."

मी गेलो. गुडघा पहिल्याच पुलाला बोंबलायला लागला, पण मी बाजू सोडली नाही. घंटा नव्हती, त्यामुळे आमच्या पायांचा आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जात होता. खिडक्यांचे पडदे हलत होते. वेंडेलाबाई पेटीमागून चालत आल्या, ताठ मानेनं, चर्चपर्यंत. आईशेजारी ठेवलं. दगड परत बसवला.

परत त्यांच्या घरी गेलो. शिष्य बिअर पिऊन नावेला गेले. मीही उठलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "बसा." मी बसलो. त्यांची खुर्ची आणि मास्तरांची रिकामी खुर्ची समोरासमोर होती.

"त्यानं तुम्हाला सांगितलं होतं ना," त्यांनी विचारलं, "मेल्यावर मी त्याला भेटेन की नाही?"

हा प्रश्न मला किती घरांत विचारला गेलाय. उत्तर माझ्या जिभेवर तयार असतं. आवाज खाली आणायचा, हात हातात घ्यायचा, आणि म्हणायचं की नक्की भेटाल. ते म्हणायला मी तोंडही उघडलं. पण त्या माझ्याकडे अशा बघत होत्या, की मला त्यांना फसवता येईना.

"भेटाल असं ते म्हणू शकत नव्हते," मी म्हटलं. "मला ठाऊक नाही, ताई."

त्या रडल्या. मोठ्यांदा, तोंड न झाकता. मी काही वाचलं नाही, काही सांगितलं नाही. मी नुसता शेजारी बसून राहिलो, आणि अंधार पडेपर्यंत त्यांनी मला जा म्हटलं नाही.